विमचा सोर्स कोड वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कॉन्फिगर करताना

विम हा टेक्स्ट एडिटर ब्राम मोलेनार यांनी 1991 मध्ये अमिगा संगणकासाठी प्रथम प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी तो युनिक्सवर आला. त्यामुळे एकाच सोर्स कोडमधून (प्रोग्रॅमच्या मूळ लिखित मजकुरातून) अनेक सिस्टिमसाठी एडिटर तयार करण्याची सोय त्यात फार आधीपासून आहे. संपादनाचा मूळ भाग सर्वांसाठी सारखाच असतो, तर की-बोर्ड, स्क्रीन, फाइल आणि प्रोसेस यांच्याशी संबंधित भाग ‘ओएस_युनिक्स.सी’, ‘ओएस_विन32.सी’, ‘ओएस_व्हीएमएस.सी’ अशा स्वतंत्र फाइलींत ठेवलेला असतो. यांपैकी कोणती फाइल घ्यायची आणि कोणती वैशिष्ट्ये चालू ठेवायची, हे कंपाइल करण्यापूर्वी, म्हणजे सोर्स कोडमधून चालवता येणारा प्रोग्रॅम बनवण्यापूर्वी, ठरते. म्हणून सिस्टिम बदलली की सी भाषेतील फाइलींना हात न लावता कॉन्फिगरेशनमध्ये बदल करावा. (या लेखात कमांड आणि फाइलींची नावे देवनागरीत लिहिली आहेत; टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत द्यावीत.)

सोर्स कोड उतरवून घेतल्यावर ‘एसआरसी’ फोल्डरमधील आपल्या सिस्टिमची इन्स्टॉल फाइल आधी वाचावी. युनिक्स आणि लिनक्ससाठी नुसती ‘इन्स्टॉल’, विंडोजसाठी ‘इन्स्टॉलपीसी’ आणि मॅकसाठी ‘इन्स्टॉलमॅक’ अशी त्यांची नावे आहेत. अनेक जण या फाइली वगळून थेट ‘मेक’ (कंपाइल करवून घेणारी कमांड) चालवतात आणि ज्या अडचणीवर उत्तर तिथेच लिहिलेले असते, तीच दिवसभर शोधत बसतात.

लिनक्स आणि इतर युनिक्स सिस्टिमवर सगळी मदार ‘कॉन्फिगर’ या शेल स्क्रिप्टवर असते. ही स्क्रिप्ट केवळ सिस्टिमचे नाव पाहून थांबत नाही, तर छोटे छोटे सी प्रोग्रॅम लिहून ते कंपाइल होतात का, आणि काही वेळा ते चालतात का, हे तपासते. अमुक फंक्शन आहे का, तमुक हेडर फाइल (फंक्शनांची घोषणा असलेली फाइल) सापडते का, अशा प्रश्नांची उत्तरे ती ‘ऑटो’ फोल्डरमधील ‘कॉन्फिग.एच’ आणि ‘कॉन्फिग.एमके’ या फाइलींत नोंदवते. पहिली फाइल सी कोडसाठी असते आणि दुसरी मेकफाइलसाठी, म्हणजे ‘मेक’ने काय करायचे ते लिहिलेल्या फाइलसाठी. या दोन्ही फाइली आपोआप तयार होत असल्याने त्यांत हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या कॉन्फिगरेशनच्या वेळी नाहीशी होते, हे ध्यानात ठेवावे.

पर्याय दोन प्रकारे देता येतात. एक तर मेकफाइलमध्ये आधीच लिहून ठेवलेल्या ‘कॉन्फ_ऑप्ट’च्या ओळींपैकी हव्या त्या ओळींपुढचे कॉमेंटचे चिन्ह काढावे आणि ‘मेक’ चालवावे. नाहीतर ‘कॉन्फिगर’ स्वतः चालवून पर्याय कमांडमध्येच द्यावेत. या दोन पद्धती एकत्र करू नयेत, कारण ‘कॉन्फिगर’ थेट चालवल्यास मेकफाइलमध्ये निवडलेल्या पर्यायांचा त्यावर काहीही परिणाम होत नाही. एकाहून अधिक सिस्टिमवर काम करणाऱ्यांना दुसरी पद्धत अधिक सोयीची पडते, असे माझे मत आहे. प्रत्येक सिस्टिमसाठी पूर्ण कमांड एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवली की मूळ मेकफाइल अबाधित राहते आणि नवी आवृत्ती घेताना गिटमध्ये (आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) आपल्या आणि मूळ बदलांचा संघर्ष उद्भवत नाही.

सर्वांत महत्त्वाचा पर्याय ‘विथ-फीचर्स’ हा आहे. त्याला ‘टायनी’, ‘नॉर्मल’ किंवा ‘ह्यूज’ यांपैकी एक किंमत द्यावी. ‘टायनी’मध्ये विमची स्क्रिप्ट भाषाच नसते, त्यामुळे प्लगइन चालत नाहीत, अगदी कमी जागा असलेल्या उपकरणासाठीच तो निवडावा. रोजच्या वापरासाठी ‘ह्यूज’ घ्यावा. पायथन हवे असल्यास ‘एनेबल-पायथन3इंटर्प’ला ‘डायनॅमिक’ ही किंमत द्यावी, म्हणजे पायथनची लायब्ररी एडिटर सुरू होतानाच लागणार नाही, तर पायथनची गरज पडेल तेव्हा उघडली जाईल.

लिनक्सवर पहिली अडचण बहुधा टर्मिनलच्या लायब्ररीची येते. ‘कॉन्फिगर’ ही ‘टीगेटएंट’ नावाचे फंक्शन शोधते आणि ते मिळाले नाही तर टर्मिनल लायब्ररी सापडली नाही, असे सांगून थांबते. अशा वेळी एनकर्सेस ही टर्मिनल लायब्ररी यंत्रावर असते, पण तिच्या हेडर फाइलींचे पॅकेज नसते. डेबियन व उबुंटूवर ‘लिबएनकर्सेस-डेव्ह’ आणि फेडोरावर ‘एनकर्सेस-डेव्हल’ हे पॅकेज टाकल्यावर हा प्रश्न सुटतो. त्यानंतर मात्र ‘मेक रिकॉन्फिग’ चालवावे. आधीच्या तपासणीची उत्तरे ‘ऑटो’मधील ‘कॉन्फिग.कॅश’मध्ये साठवलेली असतात. ती पुसली नाहीत तर नवी लायब्ररी समोर असूनही जुनेच उत्तर वापरले जाण्याची शक्यता राहते.

जी अडचण काम थांबवते ती निदान दिसते तरी. न थांबवणारी अधिक त्रास देते. समजा, एक्स11 या युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीच्या हेडर फाइली यंत्रावर नाहीत. ‘कॉन्फिगर’ त्याबद्दल एक ओळ छापून पुढे जाते, कंपाइल व्यवस्थित पार पडते, एडिटर सुरूही होतो, आणि मग दुसऱ्या खिडकीत कॉपी केलेला मजकूर विममध्ये चिकटवता येत नाही. ‘विम --व्हर्जन’ची यादी पाहिली की ‘क्लिपबोर्ड’ या शब्दाआधी अधिकऐवजी वजा चिन्ह दिसते. हे टाळण्यासाठी ‘एनेबल-फेल-इफ-मिसिंग’ हा पर्याय आहे. आपण स्पष्टपणे मागितलेले वैशिष्ट्य जोडता आले नाही तर कॉन्फिगरेशन तिथेच थांबावे, अशी व्यवस्था तो करतो. हा पर्याय कायम द्यावा, असा माझा आग्रह आहे. कारण कळले नाही तर ‘ऑटो’मधील ‘कॉन्फिग.लॉग’ उघडावी, कोणता प्रोग्रॅम कंपाइल करून पाहिला आणि कंपायलरने त्यावर नेमकी कोणती तक्रार केली, हे तिच्यात जसेच्या तसे असते.

मॅकवर ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ ही कमांड देऊन ॲपलची कमांड लाइन साधने आधी घ्यावीत. त्यानंतरची पद्धत युनिक्सचीच आहे आणि क्लिपबोर्डसाठी एक्स11 ची गरज नसते. इतर लायब्ररी होमब्रू या मॅकवर सॉफ्टवेअर टाकण्याच्या साधनाने घेतल्या असतील तर एक फरक लक्षात घ्यावा लागतो: इंटेल मॅकवर त्या ‘/यूएसआर/लोकल’मध्ये असतात, तर ॲपल सिलिकॉन मॅकवर ‘/ऑप्ट/होमब्रू’मध्ये. ‘कॉन्फिगर’ आपण होऊन पहिल्या ठिकाणी शोधते. दुसरे ठिकाण ‘विथ-लोकल-डिर’ या पर्यायाने सांगावे.

विंडोजची पद्धत मात्र मुळातूनच वेगळी आहे. तिथे ‘कॉन्फिगर’ चालवलीच जात नाही. विंडोजमध्ये काय उपलब्ध आहे हे ‘ओएस_विन32.एच’मध्ये आधीच लिहिलेले असते आणि आपल्या निवडी मेकफाइलला चलांच्या रूपाने द्याव्या लागतात. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसाठी ‘मेक_एमव्हीसी.मॅक’ ही फाइल ‘एनमेक’ने चालवावी, आणि मिनजीडब्ल्यू या विंडोजवरील दुसऱ्या कंपायलरसाठी ‘मेक_मिंग.मॅक’ घ्यावी. ‘एनमेक’ नेहमीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सापडत नाही. त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणारा 64 बिटचा डेव्हलपर प्रॉम्प्ट उघडावा. ‘फीचर्स=ह्यूज’ आणि ‘जीयूआय=येस’ दिल्यास स्वतंत्र खिडकीत चालणारी ‘जीव्हिम.ईएक्सई’ तयार होते, तर ‘जीयूआय=नो’ दिल्यास टर्मिनलमध्ये चालणारी ‘विम.ईएक्सई’ मिळते. दोन्ही हवे असतील तर दोनदा कंपाइल करावे लागते. पायथन जोडताना पायथन आणि विम दोन्ही 64 बिटचे किंवा दोन्ही 32 बिटचे असले पाहिजेत. तसे नसेल तर कंपाइल बिनतक्रार होईल आणि लायब्ररी उघडण्याच्या वेळी अपयश येईल.

एकच सोर्स फोल्डर विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवरून वापरण्याचा मोह टाळावा. विंडोजवरील गिटमध्ये ओळींचे शेवट आपोआप बदलण्याची सोय चालू असेल तर शेल स्क्रिप्टमधील प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर येते आणि लिनक्सवर ती स्क्रिप्ट चालण्यास नकार देते. लिनक्ससाठीची प्रत लिनक्समधूनच घ्यावी.

एकाच डिस्कवरून अनेक युनिक्स यंत्रांसाठी कंपाइल करायचे असेल, तर विममध्ये ‘मेक शॅडो’ ही सुंदर सोय आहे. ती ‘शॅडो’ नावाचे वेगळे फोल्डर तयार करते आणि त्यात मूळ सोर्स फाइलींच्या सिम्बॉलिक लिंक (मूळ फाइलीकडे नेणाऱ्या नोंदी) ठेवते. त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘मेक’ चालवले की ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल करताना बनणाऱ्या मधल्या फाइली) आणि ‘कॉन्फिग.एच’ तिथेच राहतात. ‘शॅडोडिर’ या चलाला प्रत्येक सिस्टिमसाठी निराळे नाव दिले की एकीची उत्तरे दुसरीत मिसळत नाहीत, आणि सोर्समध्ये केलेली दुरुस्ती मात्र सर्वांना मिळते.

ज्या यंत्रावर एडिटर चालणार आहे त्याच्यावर कंपायलरच नसेल, तर दुसऱ्या यंत्रावर क्रॉस-कंपाइल करावे लागते. तिथे ‘कॉन्फिगर’ चाचणीचे प्रोग्रॅम कंपाइल करू शकते, पण चालवू शकत नाही. म्हणून ‘विम_सीव्ही_टर्मइन्फो’, ‘विम_सीव्ही_टूअपर_ब्रोकन’ अशा चलांची किंमत द्या, असे ती सांगते. ही उत्तरे अंदाजाने देऊ नयेत; शक्य असल्यास तोच छोटा प्रोग्रॅम लक्ष्य यंत्रावर नेऊन चालवावा आणि मिळालेले उत्तर स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवावे.

कंपाइल झाल्यावर ‘मेक टेस्ट’ चालवावे. मग ‘मेक इन्स्टॉल’. ‘प्रीफिक्स’ला, म्हणजे इन्स्टॉल कुठे करायचे ते सांगणाऱ्या पर्यायाला, आपल्या होम फोल्डरमधील जागा दिली असेल तर त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. नुसती ‘विम’ ही फाइल उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवणे पुरेसे नसते, कारण कॉन्फिगरेशनच्या वेळी दिलेल्या मार्गावर ती रनटाइम फाइली (चालताना लागणाऱ्या विमच्या स्क्रिप्ट वगैरे) शोधते, आणि त्या मिळाल्या नाहीत तर ‘डिफॉल्ट्स.विम’ वाचता आली नाही अशी ई1187 क्रमांकाची त्रुटी दाखवते. अशा वेळी रनटाइम फोल्डरही सोबत न्यावे आणि त्याचा मार्ग ‘विमरनटाइम’ या एन्व्हायर्नमेंट चलात द्यावा.