कॉल आला की हॉटस्पॉट बंद पडायचा, शेवटी असं सुटलं

आमच्याकडं सांगलीत विश्रामबागला घरी वायफाय नाही, माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवरच बहिणीचा लॅपटॉप चालतो. तिचे ऑनलाइन इंटरव्ह्यू सुरू होते आणि नेमका मार्केट यार्डातनं पप्पांचा फोन आला हळदीचा दर सांगायला, की तिची स्क्रीन जागच्या जागी थांबायची, फोन ठेवला की नेट परत सुरू. एकदा तर ऐन उत्तर देतानाच गेलं, पोरगी रडकुंडीला आली, लई वाईट वाटलं मला.

मग कॉल चालू असताना वरची पट्टी नीट बघितली तर 4जी जाऊन तिथं नुसता ई, म्हणजे 2जीची खूण, दिसत होता. म्हणजे माझं व्होल्टे बंद होतं. 4जीवरनं आवाज जायला व्होल्टे लागतं, ते नसलं की फोन कॉलसाठी 2जी नाहीतर 3जीवर उतरतो, आणि 2जीवर बोलणं सुरू असलं की सहसा नेट थांबतंच. सेटिंगमध्ये सिमच्या पानावर ते चालू केलं, फोन रीस्टार्ट केला, त्या सिमचं काम झालं.

पण दुसऱ्या सिमवर कॉल आला की तेच रडगाणं! कारण बऱ्याच ड्युअल सिम फोनमध्ये एका सिमवर बोलताना दुसऱ्याचा डेटा थांबतो. तिथंही व्होल्टे चालू केलं आणि कॉलच्या वेळी डेटा वापरायचा ऑप्शन सापडला तो ऑन केला. फक्त त्यात कॉल असेपर्यंत नेट ज्या सिमवर कॉल आहे त्याचंच वापरलं जातं, म्हणून त्यावरही डेटा पॅक पाहिजेच.

काल पप्पांशी वीस मिनिटं बोललो, तिकडं तिचा इंटरव्ह्यू सलग चालला.