दुचाकीवरून कामावर निघण्यापूर्वी : ऊन, केस आणि मेकअप यांची तयारी

पुण्यासारख्या शहरात मार्च ते मे या महिन्यांत दुचाकीवरून कामावर जाणाऱ्या स्त्रीचा चेहरा घरून निघताना आरशात जसा दिसतो तसा तो कार्यालयात पोहोचेपर्यंत राहत नाही, आणि याला ऊन व घाम जितके कारणीभूत असतात तितकाच चेहऱ्याभोवती बांधलेला स्कार्फ आणि त्यावर चढवलेले हेल्मेटही असते. म्हणून पुढील यादी कपाळापासून हनुवटीपर्यंतच्या नेहमीच्या क्रमाने जात नाही. स्कार्फ जे पुसून काढणार आहे ते घरी लावायचे नाही आणि उन्हापासून जे वाचवणार आहे ते मात्र घरीच लावून निघायचे, या एका विभागणीवर ती बेतलेली आहे.

तयारी सुरू होते ती आदल्या रात्री, आणि तीही स्कार्फपासून. एकच स्कार्फ आठवडाभर डिकीत कोंबून ठेवायचा आणि रोज तोच बांधायचा, ही सवय फार रुळलेली आहे. घाम, धूळ, कालचे सनस्क्रीन आणि केसांचे तेल यांनी भरलेले ते कापड गालांवर घट्ट आवळले की तेथे पुरळ उठते आणि दोष मात्र सनस्क्रीनच्या माथी मारला जातो. निदान तीन स्कार्फ असावेत आणि वापरलेला स्कार्फ त्याच रात्री धुवून वाळत घालावा. कापड सुती असावे, परंतु घट्ट विणीचे आणि शक्यतो गडद रंगाचे असावे, कारण पातळ पांढरे सुती कापड अंगाला गार वाटले तरी अतिनील किरणांचा लक्षणीय भाग आत सोडते आणि घामाने ओले झाले की त्याचे संरक्षण आणखी घटते. कापड खिडकीसमोर धरून पाहावे. पलीकडचा उजेड जितका स्पष्ट दिसेल तितके ते उन्हाच्या दृष्टीने कच्चे समजावे. स्कार्फबरोबरच सनकोट आणि हातमोजे दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवावेत, कारण हँडल धरल्यावर हातांच्या मागच्या बाजूवर ऊन सरळ पडते आणि चेहऱ्याची काळजी घेणाऱ्या अनेकींचे हात त्यांच्या चेहऱ्यापेक्षा दोन छटा सावळे असतात. पायांचीही तीच गत होते. चपलेच्या पट्ट्यांची नक्षी पावलांवर उमटू द्यायची नसेल तर बंद पादत्राणे किंवा सुती मोजे काढून ठेवावेत.

केसांचा निर्णयही रात्रीच करावा लागतो. सकाळी केस धुऊन ते ओले असतानाच बांधणे आणि वरून हेल्मेट घालणे, हा वेळ वाचवण्याचा सर्वांत महागडा मार्ग आहे. ओला केस कोरड्या केसापेक्षा अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो. शिवाय हेल्मेटच्या आतील उष्ण दमट हवेत टाळू तासभर राहिली तर कोंडा आणि खाज वाढते. त्यामुळे केस रात्री धुवावेत, रुमालाने न रगडता टिपून घ्यावेत आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता सोडवत यावे. तेल लावायचे असेल तर ते धुण्याच्या आधी लावावे. सकाळी चोपडलेले तेल घामाबरोबर कपाळावर उतरते आणि केसांच्या रेषेवर बारीक फोड आणते. केस सरळ करण्याचे यंत्र वापरणाऱ्यांनी ते पूर्ण कोरड्या केसांवरच फिरवावे. ओल्या केसावर तापलेली पट्टी दाबली की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि केसाच्या गाभ्यात पोकळ बुडबुडे तयार होतात, आणि पुढे केस नेमका तेथेच मोडतो. अर्थात, ज्या केसांवर पंधरा मिनिटांत हेल्मेट बसणार आहे ते सकाळी तापवून सरळ करण्यात काय हशील, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

सकाळी केस बांधताना हेल्मेटचा विचार आधी आणि शोभेचा नंतर करावा. टाळूवर उंच बांधलेला अंबाडा किंवा मोठा क्लचर हेल्मेटला वर उचलून धरतो, आणि भुवयांच्या वर दोन बोटांवर बसायला हवे ते हेल्मेट मागे सरकून कपाळ उघडे पडते. अपघातात असे हेल्मेट असून नसल्यासारखे होते. मानेजवळ सैलसर घातलेली तीन पेडांची वेणी किंवा खाली बांधलेला लहान बुचडा हाच या प्रवासासाठी योग्य. बांधण्यासाठी साध्या रबराऐवजी कापडात गुंडाळलेला रबर घ्यावा. केस मागे ओढून रोज घट्ट बांधल्याने कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस मुळापासून विरळ होत जातात. हेल्मेटने टक्कल पडते अशी तक्रार अनेकदा ऐकू येते, परंतु बहुतेक वेळा खरा दोष हेल्मेटचा नसून त्याखाली करकचून आवळलेल्या केसांचा असतो. भांगही अधूनमधून बदलावा, म्हणजे एकाच रेषेवर सतत ताण येत नाही.

आता सनस्क्रीन. या यादीतील हा एकमेव घटक असा आहे की ज्यात काटकसर केली तर तो जवळपास वाया जातो. डबीवरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी या प्रकारच्या अतिनील किरणांबद्दल बोलतो. एसपीएफ १५ अशा किरणांपैकी सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के अडवतो, म्हणजे ३० आणि ५० मधील फरक किमतीत दिसतो तितका संरक्षणात नाही. मात्र हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून काढलेले असतात, आणि घरोघरी वाटाण्याएवढा थेंब घेऊन संपूर्ण चेहरा उरकला जातो. चेहरा आणि गळा यांसाठी तर्जनी व मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर काढलेल्या दोन रेषा, हे लक्षात ठेवण्याजोगे माप आहे. एकदम इतके पसरवणे जड वाटल्यास एक-एक रेष दोनदा लावावी. काळेपणा आणि अकाली सुरकुत्या यांच्याशी अधिक संबंध असलेल्या यूव्हीए किरणांसाठी पीए ही जपानमधून आलेली खूण पाहावी. तिच्यापुढे + ही चिन्हे जितकी जास्त तितके संरक्षण अधिक, आणि किमान तीन असावीत. हे किरण साध्या काचेतूनही आत येतात, त्यामुळे ज्यांची खुर्ची खिडकीशेजारी आहे त्यांनी सावलीत बसल्याच्या समजुतीत राहू नये.

क्रम असा ठेवावा की चेहरा धुतल्यावर हलके मॉइश्चरायझर, त्यानंतर सनस्क्रीन, आणि मग किमान १५ मिनिटे दुसरे काही नाही. ही १५ मिनिटे डबा भरण्यात सहज जातात. लगेच स्कार्फ बांधला तर थर त्वचेवर बसण्याऐवजी कापडाला लागतो. कान, मानेचा मागचा भाग, ओठांच्या कडा आणि कुर्त्याच्या गळ्यातून दिसणारा त्रिकोण या जागा हमखास राहून जातात. वेणी पुढे घेतली की उघडी पडणारी मान तर स्कार्फच्याही बाहेर असते. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली सनस्क्रीने गव्हाळ व सावळ्या त्वचेवर राखेसारखी पांढुरकी दिसतात, म्हणून रंगछटा मिसळलेले प्रकार पाहावेत. त्या छटेसाठी वापरलेले लोह ऑक्साइड डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापासूनही काही संरक्षण देते, आणि ज्यांच्या गालांवर वांग आहेत त्यांच्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे, कारण वांग केवळ अतिनील किरणांनी नव्हे, तर दृश्य प्रकाशानेही गडद होतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सनस्क्रीन गोरे करण्यासाठी नसते, आणि गोरे करण्याचे आश्वासन देऊन हातोहात विकली जाणारी मलमे या यादीत कोठेही बसत नाहीत. त्यांपैकी अनेकांत बीटामेथाझोन किंवा क्लोबेटासॉल यांसारखी स्टेरॉइड्स असतात. पहिले काही आठवडे चेहरा उजळल्यासारखा वाटतो आणि नंतर त्वचा पातळ होणे, लाली, पुरळ, नको तेथे लव वाढणे आणि मलम थांबवताच होणारी आग असा क्रम सुरू होतो. मैत्रिणीला गुण आला म्हणून तिची ट्यूब मागून घेणे हा औषधाचा सर्वांत वाईट वापर होय. घरगुती उपायांतही लिंबाचा रस वर्ज्य समजावा, कारण लिंबाच्या सालीतील आणि रसातील काही घटक त्वचेवर राहून ऊन लागले की फोड येतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत.

घरून निघताना मेकअप म्हणून जे करायचे ते फार थोडे आहे. भुवया विंचरून हलक्या भराव्यात आणि पापण्यांना न ओघळणारे काजळ लावावे. काजळाची कांडी कोणालाही देऊ नये आणि कोणाची घेऊ नये, कारण डोळ्यांचा संसर्ग अशाच वाटांनी घरभर फिरतो. शिसे असलेला सुरमा तर नकोच. ओठांवर लिपस्टिक न लावता एसपीएफ असलेला बाम लावावा. फाउंडेशन आणि पावडर पिशवीत जातील. टिकली लावायला हरकत नाही, परंतु रोज त्याच जागी तीच टिकली लावणाऱ्यांनी कपाळ अधूनमधून उजेडात निरखावे, कारण टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफेनॉल या रसायनाने त्या जागी खाज येऊन पुढे पांढरा डाग पडू शकतो. तशी शंका येताच टिकली थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि हौस कुंकवावर भागवावी, अर्थात तेही त्वचेला सोसत असेल तरच. अत्तर गळ्यावर न लावता कपड्यांवर लावावे, कारण काही सुगंधी तेलेही उन्हात लिंबासारखाच डाग पाडतात.

स्कार्फ बांधताना एक पदर, दोनच वेढे, आणि हेल्मेट त्यावर नीट बसते आहे याची खात्री असावी. जाड घड्यांचा ढीग हेल्मेटखाली डोके सैल करतो. मोकळे टोक कोटाच्या आत खोचावे, आणि ओढणी किंवा साडीचा पदरही चाकापासून दूर बांधून घ्यावा. गाडी सुरू करण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा लागल्याचा आवाज ऐकावा.

पिशवीत काय असावे, हे आता आपोआप ठरते. टिपकागद, लहान कंगवा, चार पिना, फाउंडेशन, कॉम्पॅक्ट म्हणजे डबीतली दाबलेली पावडर, स्पंज, लिपस्टिक आणि सनस्क्रीनची लहान ट्यूब किंवा कांडी इतके पुरते. ही पिशवी गाडीच्या डिकीत ठेवू नये. दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत लिपस्टिकचे लोणी होते, आणि सनस्क्रीनही उष्णतेने फुटून पाणी व चिकटा वेगळे झाल्यावर त्यावरील आकड्याला अर्थ उरत नाही.

कार्यालयात पोहोचल्यावर पाच मिनिटे बाजूला ठेवावीत. आधी घाम टिपावा, पुसू नये, कारण पुसल्याने सनस्क्रीनही जाते. चेहरा पंख्याखाली पूर्ण कोरडा झाल्याशिवाय पावडरीला हात लावू नये. घामावर बसलेली पावडर तासाभरात भेगाळते. डोळ्यांखाली आणि नाकाच्या कडांना फाउंडेशनचा ठिपका, नंतर पावडर, मग लिपस्टिक, आणि तीच लिपस्टिक बोटाच्या टोकाने गालांवर पुसट पसरली की वेगळ्या ब्लशची गरज उरत नाही. दबलेल्या केसांसाठी मान खाली करून मुळांत बोटे फिरवावीत आणि भांग पुन्हा पाडावा. एसपीएफ लिहिलेले कॉम्पॅक्ट हे सनस्क्रीनला पर्याय मानू नये, कारण त्यावरील आकड्याइतके संरक्षण मिळवण्यासाठी जितकी पावडर थापावी लागेल तितकी कोणी थापत नाही.

दुपारी बाहेर पडायचे असल्यास सनस्क्रीन पुन्हा लावावे; उन्हात असताना दर दोन तासांनी ते लावणे अपेक्षित आहे. मेकअपवरून लावताना तेल टिपून घ्यावे आणि सनस्क्रीन स्पंजने थोपटून बसवावे, चोळू नये. ऊन किती तीव्र आहे हे स्वतःच्या सावलीवरून कळते. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत असे समजावे. पुण्यात मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायांखाली नाहीशी होते. त्या दिवसांत जेवणाच्या सुटीतील बँकेची कामे सकाळवर ढकलता आली तर ढकलावीत. सायंकाळी सहानंतर घरी निघणाऱ्यांना नवा थर लावण्याची गरज नाही, स्कार्फ मात्र धुळीसाठी बांधावाच.

घरी आल्यावर काजळ आणि लिपस्टिक आधी कापसावर थोडे खोबरेल घेऊन उतरवावे आणि नंतर सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा, कारण पाण्याने न जाणारे सनस्क्रीन नुसत्या पाण्याने निघत नाही. रविवारी ब्रश आणि स्पंज साबणाने धुवून पंख्याखाली वाळवावेत, हेल्मेटचे अस्तर निघत असेल तर काढून धुवावे आणि डब्यांवरील तारखा पाहाव्यात. उघड्या डबीच्या चित्रात लिहिलेला ६ किंवा १२ हा आकडा ती उघडल्यानंतरचे महिने सांगतो. त्यामुळे नवी डबी उघडली की तिच्या तळाशी त्या दिवसाची तारीख पेनाने लिहून ठेवावी. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यावा, मग त्यात कितीही उरलेला असो.