काळ्या मातीत बागेतल्या छोट्या मॉडेल रेल्वेचे दिवे: वायरिंगच्या आधीची तयारी

पक्कड, कटर, मल्टीमीटर, सोल्डरिंग गन तुमच्याकडे असणारच. आधी ढील बघा.

वायरला ढील ठेवायची. जिथे जिथे ती खांबात, स्टेशनात किंवा जंक्शन बॉक्समध्ये शिरते, तिथे वीतभर वेटोळं मातीखाली सोडायचं. खोदकाम आपण दिवाळीच्या सुमारास काढतो, कारण तेव्हा जमीन ओलसर असते, सब्बल सहज जाते. तीच काळी माती एप्रिल-मे महिन्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि भेगेवरून ताठ गेलेली वायर दोन्हीकडून ओढली जाते. तुटते ती मध्ये नाही, सांध्यात. मागच्या उन्हाळ्यात माझ्या फलाटावरचे सगळे दिवे असेच गेले. वरून काहीच कळेना; उकरलं तर तार स्लीव्हमधून अख्खी निसटलेली. पावसाळ्यात माती फुगते तेव्हा तीच वायर उलटी रेटली जाते. म्हणून पाइपातूनही वायर ताणून ओढू नका, सैल असू द्या, आणि पाइपाभोवती काळी माती परत न लोटता मुरूम भरा. मुरूम फुगत नाही.

२३० व्होल्ट घरातच राहतील. अडॅप्टर ओसरीवर, सावलीत. टिनाच्या शेडमध्ये अजिबात नको, आपल्याकडचा मे त्याला झेपत नाही. बाहेर फक्त १२ व्होल्ट डीसी. अडॅप्टर चांगला आयसोलेटेड (२३० ची बाजू १२ च्या बाजूपासून पूर्ण तोडलेली) घ्या, इथे पैसे वाचवायचे नाहीत. प्रत्येक लाइनला वेगळा फ्यूज हवाच: ५ अँपिअरचा अडॅप्टर शॉर्ट झाला तर बारीक वायर जाळू शकतो. दिव्यांची लाइन रुळांच्या लाइनपासून पूर्ण वेगळी.

वायर शुद्ध तांब्याची, १ एमएमची (म्हणजे १ चौरस मिलिमीटर). २० मीटर अंतरावर २ अँपिअर नेले तर जाऊन-येऊन साधारण १.४ व्होल्ट वाटेतच जातात. अर्ध्या एमएमच्या वायरीत त्याच्या दुप्पट. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. तीन-तीन सिरीजमध्ये जोडले असतील तर टोकाचे दिवे मंद दिसणार. रेझिस्टर न विसरता लावा. एका एलईडीला १ किलोओहम पुरतो. पण १९९४ पर्यंत वाफेवर धावलेल्या शकुंतलेचं, म्हणजे विदर्भातल्या यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज गाडीचं, स्टेशन करत असाल, तर वॉर्म व्हाइट घ्या आणि ४.७ किलोओहम लावा. तिथे कंदिलाचा उजेड हवा, मंडपातली रोषणाई नको.

सांधे मातीत पुरूच नका. जमिनीवर उचललेल्या बॉक्समध्ये घ्या, बॉक्सची भोकं खालच्या बाजूला. काळी टेप एका पावसात सुटते. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह वापरा. पाणी एकदा शिरलं की तारांच्या मधून आत चढत जातं: सोलून बघाल तर तांबं वीतभर काळं पडलेलं, त्यावर सोल्डर धरतच नाही. डीसीमध्ये प्लसची वायर आधी खाल्ली जाते, म्हणून तपासणी लाल वायरीपासून करा. आणि बॉक्समध्ये शिरण्याआधी वेटोळं आहे ना? नसेल तर बाकीची मेहनत वाया. सोल्डर कितीही चांगलं असो, जमिनीच्या ओढीपुढे ते टिकत नाही.

पाइपाची तोंडं बंद करा, उंदीर-घुशी. खड्डा बुजवण्याआधी सगळे दिवे रात्रभर चालू ठेवून बघा, टोकाला मीटर लावा, आणि प्रत्येक वेटोळ्याला हात लावून खात्री करा. नुसतं बघून भागत नाही, हात लावा. मोबाइलवर उघड्या नाल्यांचे फोटो काढा, पुढे वाफ्यात कुदळ मारताना लागतील. दिवाळीचं काम लांबलंच, तर रोहिणीतच उरकून घ्या, मृगाची वाट पाहू नका. ढग गडगडायला लागले की प्लग काढून ठेवायचा.