कोयता निघायच्या आधी लेकराची पिशवी बांधा

मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या एका तांड्यावर अंगणवाडी चालवते. माझ्याकडचं एक लेकरू दोन वर्षांचं झालं तरी हाकेला वळत नव्हतं. आजी म्हणायची, "ह्याचा बापबी उशिराच बोलला." मी त्यावर विसंबले आणि एक हंगाम वाया गेला. त्याची चुटपुट अजून आहे.

आता दीड वर्षाचं लेकरू चालत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, तर त्याच आठवड्यात मी आशाताईला घेऊन घरी जाते. आईसोबत सासूलाही बसवते. दवाखान्याचं तीच ठरवते. आधी विचारते, लेकरू कशाला हसतं, काय जमतं? मग काय अडतंय ते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत लेकरं तपासायला वर्षातून दोनदा येतं. शंका आली तर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. पुढं जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कानाची तपासणी, वाचा-उपचार, फिजिओथेरपी होते.

दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या, म्हणजे कोयते, साखर कारखान्याला निघतात आणि उपचार तिथंच तुटतात. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड, तपासणीचे कागद, घरी करायच्या व्यायामाची चित्रं एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्या. टोळी नेणाऱ्या मुकादमाचा आणि तिकडच्या अंगणवाडीताईचा नंबर वहीत लिहा. त्या ताईला लेकरू पोचायच्या आधीच फोन करा. मी आईलाही दर पंधरवड्याला फोन लावते, रात्री आठनंतर. दिवसा ती फडात असते.