काटेकोर स्वभावाच्या बाळंतिणीचे नैराश्य: घरच्यांनी काय करावे
प्रत्येक काम ठरल्या वेळी आणि आपल्याच पद्धतीने व्हावे असे ज्या स्त्रीला वाटते, तिला बाळाचे बेभरवशाचे दिवस अधिक जड जातात, आणि तिच्या टापटिपीमुळे आत साचलेली खिन्नता घरच्यांच्या लक्षातच येत नाही. बाळंतपणानंतरचे रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते; त्यानंतरही उदासी, अपराधीपणा किंवा बाळ झोपलेले असताना झोप न लागणे चालूच राहिले, तर डॉक्टरांकडे जाऊन तिच्याकडून एडिनबर्ग प्रश्नावली, म्हणजे बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करणारे प्रश्न, भरून घ्यावी. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत मागील ७ दिवसांविषयी १० प्रश्न असतात. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे असते. स्वतःला इजा करण्याविषयीच्या दहाव्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि तिला एकटे सोडू नये. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

दुपट्यांच्या घड्या ती मोडून पुन्हा घालू लागली तर हसू नये. ‘एवढं काय त्यात’ हे वाक्य तर टाळावेच. त्याऐवजी रात्रीचे लंगोट बदलण्यासारखे एखादे काम दुसऱ्याने पूर्णपणे अंगावर घ्यावे, आणि ते तिच्या पद्धतीने झाले नाही तरी बाळाचे काही अडत नाही, हे तिला हळूहळू अनुभवू द्यावे.