रिओहाच्या द्राक्षमळ्यांतून सायकलने जायचंय? आधी व्हॉल्व मोजा

तिकिटं, व्हिसा, हॉटेल हे सगळं नंतर. आधी स्पेनमधल्या ज्या दुकानातून सायकल भाड्याने घेणार आहात, त्यांना दोनच प्रश्न विचारा: चाकाची रिम किती मिलिमीटर खोल आहे, आणि ट्यूबचा व्हॉल्व किती लांब लागतो? उत्तर येईपर्यंत एकही ट्यूब विकत घेऊ नका.

मी घेतल्या होत्या. नाशिकहून चार नव्याकोऱ्या ट्यूब नेल्या. दुकानदार सायकलीसोबत त्याची ट्यूब देत होता, तर "माझ्याकडे आहेत" म्हणून परत केली. शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास एल्सिएगोहून लाग्वार्दियाचा चढ चढताना मागचं चाक बसलं. बारीक काटा होता, नखाने निघाला. नवी ट्यूब घातली, टायर बसवला, पंप हातात घेतला आणि पाहिलं तर व्हॉल्वचं टोक रिमच्या बाहेर जेमतेम तीन मिलिमीटर. व्हॉल्व ४८ चा आणि रिम ४५ खोल. पंपाच्या तोंडाला पकडायला काही राहिलंच नव्हतं. उरलेल्या तिन्ही ट्यूब त्याच मापाच्या. पंक्चर झालेली जुनी ट्यूब मात्र लांब व्हॉल्वची होती, ती जोडली असती तर दहा मिनिटांत निघालो असतो, पण चार नव्या ट्यूब आहेत म्हणून पॅच आणि सोल्युशन मी घरीच ठेवलं होतं. सायकल ढकलत लाग्वार्दियाला पोचलो. सायकलचं दुकान सोमवारी सकाळी उघडणार होतं. रविवार सान मियान दे ला कोगोया या जुन्या मठांच्या गावासाठी राखला होता, तो गेला. त्या गावासाठी मी वर्षभर पैसे साठवले होते.

म्हणून हिशेब लक्षात ठेवा: रिमची जेवढी खोली असेल त्यापेक्षा व्हॉल्व किमान पंधरा-वीस मिलिमीटर जास्त लांब हवा. ४५ ची रिम असेल तर ६० चा व्हॉल्व, ५५-६० ची असेल तर ८० चा. व्हॉल्व बारीक तोंडाचाच, प्रेस्टा. आपल्याकडच्या साध्या सायकलींना जाड व्हॉल्व असतो, तो रोडबाइकच्या रिमच्या भोकातून जातही नाही. टायर २५ मिलिमीटर रुंदीचा आहे की २८ चा तेही त्याच निरोपात विचारा. आणि पॅचचं पाकीट न्याच. आधीपासून चाकात असलेली ट्यूब त्या चाकाच्या मापाचीच असते, तिला टाकून देऊ नका.

आता केव्हा जायचं. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीची गडबड असते तेव्हा तिकडे तोडणी चालू असते. बाग मात्र आपल्या डोळ्यांच्या सवयीची नाही. मांडव नाही, वाय आकाराचा तारांचा आधार नाही. जुन्या बागांत गुडघाभर उंचीचं खोड, वर चार-पाच फांद्या, घड जवळजवळ जमिनीला टेकलेले. तेम्प्रानियो या तिकडच्या काळ्या द्राक्षाचा मणी लहान, सालीला जाड, आतून गोड. जमीन पांढुरकी, चुनखडीची. हे सगळं बघायला फार सुंदर आहे, पण मांडव नाही म्हणजे सावलीही नाही. दोन गावांमध्ये थांबायला झाड मिळेलच असं नाही. तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉल्या घेऊन मळ्यातून थेट रस्त्यावर येतात आणि वळणांवर चिखल, सांडलेले मणी पडलेले असतात. उतारावर हे लक्षात असू द्या. २१ सप्टेंबरच्या आसपास लोग्रोन्यो शहरात सान मातेओचा उत्सव असतो, खोल्या मिळत नाहीत. २९ जूनला आरो गावाजवळ लोक एकमेकांवर वाइन ओततात, त्या दिवशी त्या बाजूला सायकल नेऊ नका.

कागदपत्रं: शेंगेन व्हिसा, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. विमा सायकलिंगला लागू आहे का ते वाचून घ्या.

रस्ता निवडताना एकच पथ्य: एब्रो नदीच्या दक्षिणेचा एन-२३२ महामार्ग टाळा. नकाशात तो सरळ आणि सोपा दिसतो, पण मोठी रहदारी त्यावरच असते. नदीच्या उत्तरेला, सिएर्रा दे कांताब्रिया डोंगररांगेच्या पायथ्याने जा: लाबास्तिदा, सामानिएगो, लाग्वार्दिया. डाव्या हाताला करड्या कड्यांची भिंत, उजवीकडे उतरत जाणारे मळे, आणि एखादी मोटार गेली की पुढची बराच वेळ येत नाही. मध्येच खाली सान व्हिसेन्ते दे ला सोन्सिएर्रा आणि नदीपलीकडे ब्रिओनेस, दोन्ही गावं टेकडीच्या माथ्यावर. आरो ते लोग्रोन्यो साधारण चाळीस किलोमीटर, पण गावं करत गेलात तर दिवस पुरत नाही. खोऱ्यात वायव्येकडून सिएर्सो नावाचा वारा वाहतो. तो सुटला असेल तर सकाळी ताज्या पायांनी आरोच्या दिशेने जा आणि येताना वारा पाठीशी घ्या.

आरोला रेल्वे स्टेशनच्या बाजूची जुनी वाइनघरं पाहा. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा मारल्या तेव्हा बोर्दोचे व्यापारी इथे वाइन घ्यायला आले, आणि पिंपं लवकर गाडीवर चढावीत म्हणून वाइनघरं स्टेशनला लागून उभी राहिली. द्राक्षाच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वाचण्यापेक्षा तिथे उभं राहून जास्त कळतं. लाग्वार्दियाच्या तटबंदीच्या आत मोटारी नेत नाहीत, कारण सगळं गाव तळघरांवर उभं आहे. आत दगडी फरशीच्या गल्ल्या आहेत, म्हणून चालता येईल असे, तळव्यात क्लीट (बूट पेडलला अडकवणारा तुकडा) दडणारे एसपीडी बूट घ्या. रोडबाइकच्या बुटांची क्लीट तळव्याबाहेर असते, तिच्यावर तिथे घसरायला होतं. आपले पेडल सोबत न्या. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते जोर लावून बिघडवू नका.

ब्रेक. हे गंभीरपणे घ्या. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो, स्पेनमध्ये डाव्या हातात. गडबडीत सवयीने डावा दाबला तर पुढचं चाक अडकून माणूस हँडलवरून जाईल. सायकल ताब्यात घेतल्यावर अर्धा तास मोकळ्या जागेत फक्त ब्रेक मारत फिरा. रस्त्याची बाजूही उलटी, उजवी. चौकात आणि पहिल्या चहा-कॉफीनंतर पुन्हा निघताना चूक होते, माझ्या मावसभावाची झाली होती, समोरून ट्रॅक्टर होता. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे, अंधारात दिवे आणि चमकणारं जाकीट. मोटारीने ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे आणि बहुतेक जण तो पाळतात. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू, रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम. वाइन संध्याकाळी, सायकल लावल्यावर.

त्याच अर्ध्या तासात व्हॉल्वही तपासा. चाक फिरवून व्हॉल्व वर आणा, तुमची ट्यूब शेजारी धरा, लांबी जुळते का बघा. तुमचा पंप त्यावर लावून दोन दट्टे मारून पाहा. जुळत नसेल तर तिथेच मागा: "कामारा दे बाल्वुला लार्गा", लांब व्हॉल्वची ट्यूब. दोन घ्या. दुकानदार देत असेल तर नाही म्हणू नका.

दुपारी दोन ते पाच गावातली दुकानं बंद, शनिवारी दुपारनंतर बरीचशी बंद, रविवार तर सोडूनच द्या. पाव, केळी, पाणी दीडच्या आत घ्या. चौकातल्या कारंज्यावर "नो पोताब्ले" लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी सहसा मिळत नाही, तोवर पोटात काहीतरी असू द्या. शाकाहारी असाल तर आधी विचारा: बटाट्याच्या रश्श्यात चोरिथो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतो, मेनेस्त्रा या मिश्र भाजीत बऱ्याचदा हामोन (डुकराचं खारवलेलं मांस), आणि लोग्रोन्योच्या लाउरेल गल्लीतल्या मशरूमच्या पिंचोवर, म्हणजे छोट्या खाण्यावर, कोळंबी.

कपड्यांचं तुम्हाला माहीत आहे. फक्त सकाळी गार असतं, वाऱ्याचं पातळ जाकीट ठेवा. उन्हाचं क्रीम. फोनमध्ये नेटशिवाय चालणारा नकाशा. आणीबाणीचा नंबर ११२. चाकात हवा भरायची गॅसची नळकांडी विमान कंपनीच्या परवानगीशिवाय नेऊ नका, हातपंप पुरतो.

सान मियानला जाणार असाल तर सूसो मठाचं तिकीट आधी काढा, वर मोटार नेऊ देत नाहीत, खालच्या यूसो मठापासून छोटी बस जाते. नाहेराहून साधारण वीस किलोमीटर. शनिवारी जा, रविवार हाताशी मोकळा ठेवा.

आदल्या रात्री सीटखालची पिशवी रिकामी करून पुन्हा भरा. टायर लिव्हर दोन, ॲलन की, पॅच, सोल्युशनची न फुटलेली नळी, पंप, वीस युरो. दोन ट्यूब. त्यांचा व्हॉल्व पुन्हा एकदा चाकाला लावून बघा.