प्रत्येक लाल डाग मॅग्मा नसतो: ज्वालामुखीच्या टोमोग्राफीत या चुका टाळा

टोमोग्राफी म्हणजे भूकंपाच्या लहरींच्या पोचण्याच्या वेळांवरून जमिनीखालच्या खडकाचं चित्र काढणं; लहरी जिथे मंद, तिथे चित्रात लाल. ज्वालामुखीभोवतीच्या भूकंपमापक स्टेशनांचा डेटा हाती आला की नवख्यांना कधी एकदा इन्व्हर्शन (वेळांवरून खडकातला वेग उलट काढणारं गणित) चालवतो आणि मधल्या लाल डागावर बोट ठेवून ‘हा बघा मॅग्मा’ म्हणतो असं होतं. अशी चित्रं माझ्याकडे तपासायला येतात. चुका इतक्या ठरलेल्या असतात की पुढच्या पानावर काय असणार ते आधीच कळतं.

घड्याळ न तपासणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त चिडतो, कारण ती टाळायला अक्कल लागत नाही, फक्त बैठक लागते. जवळच्या भूकंपाची पी-लहर, म्हणजे सगळ्यात आधी येणारी लहर, स्टेशनवर दोन-तीन सेकंदांत पोचते. तिथलं घड्याळ ०.३ सेकंद पुढे असेल, तर लहर तेवढी उशिरा आल्याची नोंद होते आणि इन्व्हर्शन तो सगळा उशीर स्टेशनखालच्या खडकाच्या माथी मारतं.

एक विद्यार्थी असंच मॉडेल घेऊन आला होता. शिखराजवळच्या एका स्टेशनखाली गडद लाल गोळा, वेग आजूबाजूपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घटलेला. उथळ मॅग्माकोठी सापडली म्हणून गडी खुशीत, निबंधाचं शीर्षकही तयार. मी विचारलं, एसचे पिक, म्हणजे पीमागून येणाऱ्या एस-लहरीच्या पोचण्याच्या टिपलेल्या वेळा, कुठे आहेत? काढलेच नव्हते. ‘फार वेळ जातो, आणि पीवरून दिसतंय की.’ त्याला तिथेच बसवलं आणि त्या स्टेशनवरच्या काही भूकंपांचे एस हाताने काढायला लावले. खाली वितळलेला खडक असता तर एस-लहर पीपेक्षा जास्त रेंगाळली असती आणि दोघींमधलं अंतर वाढलं असतं. ते तर शेजारच्या स्टेशनांसारखंच निघालं. दोन्ही लहरी अगदी सारख्या उशिरा! हे काम खडकाचं नव्हे, घड्याळाचं. यंत्राच्या नोंदी उघडल्या तर घड्याळ जुळवणारं जीपीएसचं लॉक आठवडेच्या आठवडे गेलेलं, आणि देखभालीच्या वहीत ‘अँटेनावर राख’ असं स्वच्छ लिहिलेलं. तेवढा काळ वगळला, कोठी गायब.

म्हणून मी पिकिंगच्या आधी लॉकच्या नोंदी बघतो आणि मग वदाती आलेख (पीच्या वेळेसमोर पी-एसमधलं अंतर मांडणारा) काढतो. एकच स्टेशन दर भूकंपात एकाच बाजूला सरकलेलं दिसलं की संशय घड्याळावर. समुद्रतळावरच्या यंत्रांना तर पाण्याखाली जीपीएस मिळतच नाही. घड्याळ सोडताना आणि वर काढल्यावर जुळवतात आणि मधली घसरण सहसा सरळ रेषेत वाटून देतात. त्यात ३१ डिसेंबर २०१६ चा लीप सेकंद (जागतिक वेळेत घातलेला जादा सेकंद) कुणी धरला, कुणी विसरला, की अख्ख्या सेकंदाचा घोळ.

पिकिंग ऑटो-पिकरवर सोडून देणं

ज्वालामुखीवरच्या लहरींची सुरुवात बऱ्याचदा पुसट असते आणि लहरीची सुरुवात आपोआप टिपणारा हा प्रोग्रॅम पहिली हालचाल सोडून दुसरीच धरतो. उंटावरून शेळ्या हाकू नका. निदान नमुन्यादाखल काही पिक डोळ्यांनी बघा.

‘चेकरबोर्ड चांगला आला’ म्हणून निर्धास्त होणं

हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. वेगवान-मंद चौकोनांचा कृत्रिम पट इन्व्हर्शनमधून परत मिळाला म्हणजे मॉडेलवर शिक्कामोर्तब, ही समजूत काही केल्या जात नाही. भूकंपशास्त्रज्ञ लेवेक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच दाखवून दिलंय की बारीक चौकोन छान परत येऊनही मोठ्या रचना बिघडलेल्या असू शकतात. शिवाय चाचणीचा डेटा ज्या गणिताने बनवला त्याच गणिताने सोडवला, तर तो जमणारच.

मी वेगळं करतो. ज्या गोळ्याबद्दल दावा आहे तोच कृत्रिम मॉडेलमध्ये ठेवतो, खऱ्या पिकांइतका गोंगाट मिसळतो आणि किती परत येतो ते बघतो. मग गोळा काढून टाकून तेच पुन्हा. गोळा नसतानाही लाल डाग आला तर बोलणंच खुंटलं. आणि एक साधी गोष्ट: फक्त स्थानिक भूकंप वापरत असाल, तर सगळ्यात खोल भूकंपाच्या खाली तुमचा जवळपास एकही किरण (लहरीची वाट) जात नाही. गरम, मऊ खडकात भूकंप सहसा होत नाहीत, त्यामुळे नेमकी हवी ती खोली कोरी राहते. तिथला रंग डॅम्पिंगने आणि स्मूदिंगने, म्हणजे मॉडेल आवरायला आणि गुळगुळीत करायला गणितात घातलेल्या अटींनी, भरलेला असतो. तो भाग राखाडी करून झाका, चित्र कितीही केविलवाणं दिसलं तरी.

कमी वेग म्हणजे मॅग्मा, आणि तोही टक्क्यांत

वेग उष्णतेने कमी होतो, भेगांनी, वायूने आणि बदललेल्या खनिजांनीही होतो. पी आणि एस यांच्या वेगांचं गुणोत्तर वाढलं तर द्रवाचा संशय घ्यावा, घटलं तर वायूचा. पण दोन वेगळी मॉडेल काढून एकमेकांनी भागू नका. दोन्हींचं किरणांचं जाळं वेगळं असतं आणि भागाकारात नसलेल्या रचना उगवतात. टक्केवारी तर त्याहून निसरडी, कारण तेवढाच द्रव पातळ पापुद्र्यांत असला तर वेग जास्त घटतो, गोल पोकळ्यांत असला तर कमी.

अमेरिकेतल्या यलोस्टोनचंच बघा. २०१५ च्या अभ्यासात मॅग्माच्या वरच्या साठ्यात सुमारे ९ टक्के द्रव असल्याचा अंदाज होता. २०२२ मध्ये लहरींचा पूर्ण आकार वापरला तेव्हा ३ ते ८ किलोमीटर खोलीवर तो १६ ते २० टक्के निघाला. ज्वालामुखी तोच, पद्धत बदलली. पहिल्या आगमनाच्या वेळांवरच भिस्त ठेवली की असं होतं: पाण्याने खडकाला वळसा घालावा तशी लहर मंद गोळ्याला वळसा घालते आणि उशीर पुसला जातो. त्यामुळे ‘दिसलं नाही, म्हणजे मॅग्मा नाही’ हेही लिहू नका.

किरकोळ, पण रोजचे

रंगपट्टी इतकी ताणू नका की दोन टक्क्यांचा फरकही रक्तासारखा दिसेल.

सुरुवातीचं एकमितीय मॉडेल (वेग फक्त खोलीनुसार बदलणारं) कुठल्यातरी दुसऱ्या ज्वालामुखीच्या निबंधातून उचलू नका. आपल्याच भूकंपांवरून काढा.

स्टेशनची उंची शून्य धरू नका. हेही सांगावं लागतं!

दोन स्टेशनांवरच्या पार्श्वभूमीच्या गोंगाटाचे सहसंबंध काढून वेग मोजताना ज्वालामुखीचा ट्रेमर (सततची थरथर) चालू असलेला काळ आधी बाजूला काढा. एकाच दिशेने येणारा गोंगाट लहरींचा वेग चुकीचा दाखवतो.

उद्रेकाआधीचं आणि नंतरचं मॉडेल वजा करून ‘मॅग्मा सरकला’ म्हणणाऱ्यांनी आधी दोन्ही काळांत साधारण त्याच जागचे भूकंप निवडावेत, स्टेशनं तीच ठेवावीत आणि डॅम्पिंगला हात लावू नये. एवढं करूनही फरक उरला, तर माझ्याकडे या.